बगळ्यांच्या झाडाला हिंग

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मी नोकरीत कमावला, असं मी लोकांना सांगते. ऐंशीच्या दशकात मी उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसायचे. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडून एकच वाक्य, ‘मॅडम, फोन डेड आहे.’ बहुतेक वेळा फोन डेड नसायचाच. कुणी बिल भरलेलं नसायचं, कुणी भांडणात वायर उपटलेली असायची, कुणाला शेजाऱ्याला लाइन मिळाल्याचं बघवत नसायचं. तक्रार करणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो, हे मी तिथे शिकले आणि घरीदारी सगळ्यांना ऐकवत राहिले.

पण नोकरीला उगाच दोष देते मी. संशयाची सवय त्याच्या आधीची आहे. लग्नानंतर आम्ही दोघं अंबरनाथला घर शोधत फिरत होतो तेव्हा सगळं बोलणं ठीक चालायचं, चहा यायचा, आणि मग सहज विचारल्यासारखं कुणीतरी विचारायचं, ‘आडनाव काय म्हणालात?’ आडनाव सांगितलं की दोनच दिवसांत त्या खोलीला गावाकडून आलेला भाऊ मिळायचा. प्रत्येक घरमालकाला एक भाऊ होता. तेव्हापासून माणूस गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते.

शेवटी अंबरनाथ पश्चिमेला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, वन रूम किचन विकत मिळालं. इमारत तीन मजली, रंग उडालेली, पुढे लहानसं अंगण. अंगणात फाटकाजवळ विलायती शिरीषाचं भलंमोठं झाड. इमारतीपेक्षा उंच आणि इमारतीपेक्षा जुनं.

सामान चढवत होतो तेव्हा तळमजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, हाताला उडदाचं पीठ. त्यांनी आम्हाला थांबवलं, पाणी दिलं, भाजलेला पापड दिला आणि विचारलं, ‘पाणी सकाळी येतं, माहीत आहे ना?’ बस, एवढंच विचारलं. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तो आलाच नाही. त्या आठवड्यात त्या माझ्या घरी येऊन जेवल्या, भाकरी मागून घेतली, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून ‘छान आहे हो, शांत वाटतं’ म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कांद्यावर ढकललं. आडनाव विचारणाऱ्या घरमालकांची हकिकत मी त्यांना त्याच दिवशी सांगून टाकली.

काकूंचे मिस्टर कारखान्यात सुतारकामाच्या खात्यात होते, ते गेलेले. मुलगा बायकोला घेऊन वेगळा राहायचा. काकू उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याचे पापड लाटायच्या. त्याला सगळे साईं म्हणायचे. साईंकडून उडदाच्या पिठाचा गोळा आणायचा, त्यात भरड काळी मिरी आणि हिंग मळायचा, घरी लाटायचे, वाळवायचे आणि नेऊन द्यायचे. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर आणि पावसाळ्यात खोलीत पंख्याखाली. त्यांचं घर म्हणजे पापडांचा मांडव असायचा, वाट काढत आत जावं लागायचं.

आम्ही राहायला आलो तेव्हा शिरीषावर कावळ्यांखेरीज कुणी नव्हतं. पाखरांची वस्ती नाल्यापलीकडे होती, तळ्याकाठच्या चिंचांवर. मग तळ्यात भर पडायला लागली. डंपर यायचे, भिंती पाडलेला राडारोडा ओतून जायचे. चिंचा गेल्या, तिथे प्लॉटचे बोर्ड लागले. पुढच्या जून महिन्यात एका सकाळी मी कामाला निघाले तर आमच्या झाडावर गलका. पांढरे गायबगळे, काळे पाणकावळे आणि अंधार पडला की ‘वाक्, वाक्’ करत उडणारे रातबगळे. चोचीत काटक्या, एकमेकांच्या काटक्या पळवणं, भांडणं, आणि तरी फांदी-फांदीला घरटं. एका फांदीवर तीन जातींचे शेजारी.

मी फाटकात उभी राहून बघत बसले आणि कामाला उशीर केला. मला ती पाखरं आवडली, कारण स्पष्टच सांगते. त्यांची जागा गेली होती, त्यांनी दुसरी बघितली आणि कुणालाही न विचारता संसार मांडला. आम्हाला जे दोन वर्षं फिरून जमलं नव्हतं ते त्यांनी एका आठवड्यात केलं.

सोसायटीला मात्र ती पाखरं आवडली नाहीत, आणि त्यात सोसायटीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खाली सगळं पांढरं व्हायचं. पिल्लं घाबरली की गिळलेलं अर्धं ओकून टाकतात, त्यामुळे आकाशातून मासे पडायचे. ते नेमके अध्यक्षांच्या स्कूटरवर पडायचे. अध्यक्ष कडक शाकाहारी, चातुर्मास पाळणारे. पाणकावळे टीव्हीच्या अँटेनावर पंख वाळवायला बसायचे आणि रविवारचा पिक्चर हलायला लागायचा. वासाबद्दल तर काय सांगू. माझं घर मागच्या बाजूला, वारा पुढून जायचा, म्हणून मी वास ऐकून होते.

अध्यक्ष म्हणाले, झाड तोडा. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. फाटकाजवळचा तो कोपरा रस्त्याला लागून होता, आणि तिथे दोन दुकानांचे गाळे काढायचे असं ते पूर्वी बोलले होते. पाखरांचा त्रास हे नुसतं निमित्त, खरं पाणी गाळ्यांत मुरतंय, हे मी ओळखलं. सेक्रेटरीचं काम कुणालाच नको होतं. मी ते घेतलं, झाडासाठी.

मग मी एक पद्धत बसवली आणि ती चांगली होती, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मे महिन्यात, पाखरं यायच्या आत, पाण्याच्या टाकीवरच्या आणि जिन्याच्या तोंडावरच्या फांद्या उतरवायच्या. तिथे पाखरांना बसायला जागाच ठेवायची नाही. इमारतीच्या भिंतीकडच्या फांद्यांना हात लावायचा नाही. एकदा काटक्या रचायला सुरुवात झाली की कोयत्याला सुट्टी, दिवाळीपर्यंत. खाली बदलापूरच्या भातगिरणीतून आणलेलं तूस पसरायचं, ते घाण पिऊन घेतं, वरून नवा थर द्यायचा. दिवाळी झाली की चामटोलीचा एक शेतकरी टेम्पो घेऊन यायचा आणि तो सगळा थर खणून रोपांच्या वाफ्यासाठी न्यायचा. फांद्याही तोच उतरवायचा. ‘बाय, तुमची पाखरं आमचा भात पिकवतान,’ असं म्हणायचा आणि हसायचा.

पाखरं शहाण्यासारखी भिंतीकडे सरकली. अध्यक्षांची स्कूटर वाचली, टाकी वाचली, जिना कोरडा राहिला. मी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, माणसं आणि पाखरं एकत्र राहू शकतात, फक्त व्यवस्था पाहिजे.

लोकांनी अर्थातच संशय घेतला. ही बाई इतकी धडपडते का? खत विकते म्हणे. टेम्पो आला की अध्यक्ष गॅलरीत उभे राहून किती गोण्या भरल्या ते बघायचे. मी मुद्दाम मोठ्यानं ‘रिकाम्या हातानं आलात ना, फुकटच देतेय,’ असं त्या शेतकऱ्याला म्हणायचे. तो बिचारा गोंधळायचा.

एकट्या काकू माझ्या बाजूच्या. वाऱ्यानं पिल्लू पडलं की काकू ते उचलायच्या, पापडांच्या जुन्या पाटीत फडकं घालून ठेवायच्या, ओल्या बोंबलाचा तुकडा चोचीत द्यायच्या. पिल्लू टोचायचं, तरी त्या चिडायच्या नाहीत. मी सकाळी खाली आले की त्या पाटी दाखवायच्या आणि मी म्हणायचे, ‘काकू, यंदा किती छान आलेत ना!’ त्या हसायच्या. मला ते हसू पुरायचं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मे महिना होता, पाखरं अजून यायची होती. शिरीष त्या दिवसांत हिरवागार असतो, गुलाबी फुलं येतात. आमच्या झाडाची भिंतीकडची बाजू पिवळी पडत होती. पानगळ तर होळीच्या आधीच होऊन गेली होती. मी खोडाभोवती फिरले. भिंत आणि खोड यांच्यामध्ये माणूस जेमतेम शिरेल अशी फट होती. तिथे कमरेच्या उंचीवर मला चार भोकं दिसली. बोट जाईल एवढी, आणि पांढरट कशानं तरी नीट बुजवलेली. एका बुचाच्या कडेनं तपकिरी ओघळ आला होता. मी बोट लावून वास घेतला. हिंग.

झाड मारायचं असेल तर भोक पाडून हिंग भरतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गुपचूप काम, आवाज नाही, कुऱ्हाड नाही. झाड आपणहून वाळलं म्हणायला मोकळे.

अध्यक्षांच्या घरी त्याच महिन्यात खिडक्यांचं काम झालं होतं. सुतार ड्रिल मशीन घेऊन येत होता आणि काचा बसवायला लांबी, म्हणजे पुट्टी, मळत होता. भोकांतलं ते पांढरट घट्ट बूच दुसरं काय असणार? मी बुचांना हात लावला नाही. पुरावा जागेवर राहू द्यावा, वेळ आली की नगरपालिकेच्या माणसाला आणून दाखवावा, असं ठरवलं.

तिथून पुढे मी डोळ्यांत तेल घालून बसले. पहाटे पाणी भरून झालं की मी जिन्याच्या खिडकीत भाजी निवडायला बसायचे. तिथून खोड दिसायचं. अध्यक्ष दूध आणायला निघाले की मी ‘गुड मॉर्निंग’ करून त्यांच्या हातांकडे बघायचे. एकदा त्यांच्या घरी हिंग उसना मागायला गेले. त्यांच्या बायकोनं डबीच दिली, घरी येऊन मी ती हुंगून हुंगून डोकं धरलं. हिंगाचा वास हिंगासारखाच येत होता. नवरा म्हणाला, ‘आता पोलिसांकडून कुत्रा मागव.’ मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

जे काही बोलायचं ते मी काकूंशी बोलायचे. त्या लाटत बसलेल्या असायच्या, मी उंबऱ्यावर.

‘कोण असेल गं?’ काकू विचारायच्या.

‘अध्यक्षच. दुसरं कोण?’

‘मला नाही तसं वाटत. बोलतो फटकळ, पण असं चोरून करणारा नाही तो.’

मला वाटायचं, किती भल्या आहेत या. यांना कुणाबद्दल वाईट सुचतच नाही.

पाखरं आली. पिवळ्या फांद्यांवरही बसली, उलट वाळलेल्या फांद्यांवर जास्त बसली. घरटी झाली, अंडी झाली, जुलै लागेपर्यंत पिल्लांची चिरचिर सुरू झाली. आणि एका वादळी दुपारी भिंतीकडची एक वाळकी फांदी मोडून फाटकावर पडली. कुणाला लागलं नाही. पण अध्यक्षांना पाहिजे ते मिळालं. त्यांनी रविवारी चार वाजता मीटिंग बोलावली. विषय एकच, धोकादायक झाड तातडीनं तोडणे.

तातडीनं म्हणजे घरट्यांसकट. वर शेकड्यांनी पिल्लं होती, पंख न फुटलेली. झाड आडवं झालं असतं तर ती अंगणात पडली असती आणि आम्ही ती तुसासारखी फावड्यानं भरली असती. मला दुसरं काही सुचेना. एकच गोष्ट हाताशी होती. झाड म्हातारपणानं वाळलं नाही, कुणीतरी ते मारायला निघालंय, हे भरसभेत दाखवायचं. नगरपालिकेत नेण्याची भीती घालायची. अध्यक्ष घाबरले असते आणि दिवाळीपर्यंत तरी गप्प बसले असते.

रविवारी सकाळी मी पुरावा काढायला खाली गेले. पंधरवडाभर पाऊस लागला होता. फटीत शिरून बघते तर बुचं फुगली होती. भिजलेल्या भाकरीसारखी. वरून लाल मुंग्यांची रांग लागली होती, मुंग्या कण कण उचलून नेत होत्या.

मी तशीच उभी राहिले. लांबी पावसात फुगत नाही. लांबीला मुंग्या लागत नाहीत. मी नखानं एक बूच उकरून तळहातावर घेतलं आणि मोडलं. आत पीठ होतं, उडदाचं, आणि पिठात भरड काळी मिरी.

त्या मिरीचे पापड मी कित्येक वर्षं खात होते.

काकूंचं दार उघडं होतं. पंखा चालू, खाटेवर पापड, काकू खाली बसून लाटत होत्या. मी ते बूच त्यांच्या पोळपाटावर ठेवलं. त्यांनी बघितलं, बाजूला सारलं, हातातला पापड पुरा लाटला आणि सुपात टाकला.

‘मिरी दिसली वाटतं,’ त्या म्हणाल्या.

‘तुम्ही?’

‘मीच. यांचं भोकं पाडायचं गिरमिट होतं घरात. हाताला फोड आले.’

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. रडतील. कुणीतरी करायला लावलं म्हणतील. त्या पुढचा गोळा घेऊन लाटायला लागल्या.

‘का, काकू?’

‘ही खिडकी बघ,’ त्यांनी लाटण्यानं स्वयंपाकाच्या खिडकीकडे दाखवलं. खिडकीला गोणपाट लावलेलं होतं. ते कधी लावलं, मला आठवेना. ‘टाकीवरच्या फांद्या तू उतरवल्यास. जिन्यावरच्या उतरवल्यास. मग ती पाखरं गेली कुठे? माझ्या खिडकीवर. तुझं ते तूस कुठे पसरतेस? माझ्या खिडकीखाली. पाऊस पडला की ते आंबतं. साईंनी दोनदा माल परत केला. म्हणाला, बाई, पापड में मच्छी की बास आती है. सिंधी माणूस, ताटात मच्छी नसली तर जेवण जात नाही त्याला, तो असं म्हणाला. तिसऱ्यांदा तो पीठच देणार नाही. मग मी करू काय? पोराच्या दारात जाऊ?’

‘मग मला सांगायचं होतं.’

‘काय सांगू? तू सकाळी यायचीस, वर बघायचीस, किती छान आलेत ना काकू, म्हणायचीस. त्यावर मी काय बोलू?’

‘तक्रार करायची.’

‘तुझ्याकडे?’ त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. ‘तक्रार करणारे अर्धंच सांगतात, असं तूच म्हणतेस ना.’

मला राग आला. मी म्हटलं, ‘आणि ती पिल्लं उचलून पाटीत ठेवायचात, बोंबील भरवायचात, ते काय नाटक होतं?’

‘पिल्लानं काय केलंय?’ काकू म्हणाल्या. ‘त्याला कुठे माहीत माझी खिडकी.’

मी दाराकडे वळले. पाठीमागून त्या म्हणाल्या, ‘मी तुला आडनाव विचारलं नाही. म्हणून मग तू मला कधी काहीच विचारलं नाहीस.’

मला ते वाक्य तेव्हा लागलं आणि अजूनही लागतं. पण तेव्हा मी त्यांना एवढंच म्हटलं की चार वाजता मी हे सगळ्यांसमोर ठेवणार आहे.

‘ठेव,’ काकू म्हणाल्या आणि पोळपाटावर तेलाचा हात फिरवला.

बुचाचे तुकडे मी रुमालात बांधले. दुपारचं जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर त्यालाही सांगितलं नाही. एकदा वाटायचं, दाखवावं. झाड वाचेल, पिल्लं उडतील. काकूंचं काय व्हायचं ते होवो, त्यांनी माझा विचार केला होता का? एकदा वाटायचं, इतक्या घरांनी आम्हाला दार लावलं, आणि ज्या घरानं उघडलं त्याच्याच नावानं मी सभेत ओरडणार.

मीटिंग अंगणातच झाली, झाडापासून लांब खुर्च्या मांडून. वर पिल्लांचा कालवा, खाली अध्यक्षांचं भाषण. त्यांनी मोडकी फांदी समोर आणून ठेवली होती. म्हणाले, ‘सेक्रेटरी मॅडमच्या भावनांचा आदर आहे. पण उद्या लहान मुलाच्या डोक्यावर पडली तर रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची?’ माणसं माना हलवत होती. हात वर करायला सांगितल्यावर अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे झाले. काकूंनी कुठेच हात वर केला नव्हता.

अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. त्यांना खात्री होती. ‘सगळ्यात जास्त त्रास तळमजल्याला. तुम्हीच सांगा वहिनी, तोडायचं की नाही?’

माझी मूठ रुमालावर होती. काकूंना ती दिसत होती. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘पाखरं उडून जाईपर्यंत राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘पण एका अटीवर. तोवर सेक्रेटरीबाईंनी माझ्या खोलीत राहायचं. मी त्यांच्या खोलीत जाते, पापड घेऊन. कबूल असेल तर राहू दे झाड. नसेल तर आजच तोडा.’

लोक हसले. कुणीतरी ‘बराबर है’ म्हणालं. अध्यक्ष माझ्याकडे संशयानं बघू लागले. त्यांना वाटलं असावं, हे आमचं आधीच ठरलेलं आहे.

मी म्हटलं, ‘कबूल.’ रुमाल मी खोलला नाही. घरी जाऊन मोरीत झटकला.

नवरा भडकला. ‘पाखरांशी संसार तू मांडलायस, मी का खाली जाऊ?’ पण तो आला. त्याच आठवड्यात आम्ही गाद्या, भांडी, स्टोव्ह आणि बुद्धाची तसबीर खाली आणली. काकूंनी पोळपाट, लाटणं, खाट आणि त्यांचा गणपती वर नेला. चामटोलीच्या शेतकऱ्यानं मोडकळलेल्या फांद्या दोरानं बांधून दिल्या. मी भोकं उकरून साफ केली. हिंगानं झाड खरंच मरतं का, हे मला आजही माहीत नाही. त्या बाजूला पाखरांची घाण इतकी पडायची की पानं नुसत्या तिनंही करपली असतील.

खाली राहायला आल्यावर पहिल्या दोन दिवसांत मी म्हणत होते, एवढं काही नाही. तिसऱ्या दिवशी गोणपाट पुन्हा लावलं. आठवड्यानं भातालाही तो वास यायला लागला, साड्यांना यायला लागला. एक्स्चेंजमध्ये शेजारची मुलगी खुर्ची सरकवून बसली. अंधार पडला की डोक्यावर ‘वाक्, वाक्’ आणि पहाटे खिडकीच्या कठड्यावर अर्धवट मासा. मी नवऱ्यासमोर हूं की चूं केलं नाही. तो मात्र माझ्याकडे बघून मधूनच म्हणायचा, ‘किती छान आलेत ना?’

काकूंचे पापड वर छान वाळायला लागले. साईंनी माल घेतला, परत पीठ दिलं. त्या मला पापड पाठवायच्या, मी खायचे. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं राहिलं नव्हतं. मी त्यांना माफ केलं होतं का? नाही. त्यांनी मला केलं होतं असंही वाटत नाही. पिल्लू पडलं की मात्र त्या पाटी घेऊन दोन जिने उतरून यायच्या.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी डाळीला फोडणी द्यायला घेतली होती. कठड्यावर काहीतरी पचकन पडलं, शिंतोडे कढईपर्यंत आले. गोणपाट सरकवून मी बाहेर बघितलं. खोड हाताच्या अंतरावर होतं, भोकं रिकामी, उघडी. माझ्या हातात हिंगाची डबी होती. तेल तापून धूर निघाला, मोहरी करपली, तरी मी खोडाकडे बघत उभीच होते.

तेवढ्यात वरून आवाज आला. काकू जिन्याच्या खिडकीत बसल्या होत्या, मी बसायचे तिथेच, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे.

‘काय गं, काय चाललंय?’

‘फोडणी देतेय काकू.’

‘हिंग केवढा घेतलायस?’

‘चिमूटभर.’

त्यांनी मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘डबी दाखव.’

मी हात खिडकीबाहेर काढला आणि झाकण उघडून डबी त्यांना दाखवली.